काट्याची धार, मीटरची वाटी

तेल कुठे घालायचं हे वऱ्हाडात कुणाला शिकवावं लागत नाही. बंडीचा आस करकरला की वंगण, विहिरीवरचा रहाट कुरकुरला की वंगण, शिलाई मशीन जड झाली की तेलाचे दोन थेंब. फिरतं ते घासतं आणि घासतं त्याला तेल लागतं, एवढा सरळ हिशेब. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या कापूस बाजारांत पिढ्यान्‌पिढ्या एक वस्तू अशी टांगलेली होती, की तिच्या हलत्या जागी तेलाचं बोट लागलं तर ती बिघडायची. ती म्हणजे तोलायचा काटा. पुढे घरांच्या ओसरीत, भिंतीवर दुसरी वस्तू आली, चकतीचा वीजमीटर. त्यात तेल होतं, पण सुईच्या टोकावर मावेल एवढंच. आणि एकदा सील लागलं की ते बदलायचा अधिकार घरमालकाला नव्हता.

या दोन्ही वस्तू माल वाहत नाहीत, माल मोजतात. बंडीचा आस झिजला तर बंडी जड चालते, बैल फेसाळतात, मालकाला त्याच दिवशी कळतं. मोजणाऱ्या यंत्राचा टेकू झिजला तर ते यंत्र खोटं बोलायला लागतं आणि वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. शिवाय ते खोटं तटस्थ नसतं. ते कुणाच्या पदरात पडायचं हे टेकूच्या घडणीवर आणि काट्याजवळ कोण उभं आहे यावर ठरतं. यवतमाळसारख्या जिल्ह्यात झिजलेला काटा बहुधा शेतकऱ्याच्या विरुद्ध गेला. झिजलेला मीटर मात्र गरीब गिऱ्हाइकाच्या बाजूने.

आधी काटा. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं. १८६४ मध्ये त्याच्या आग्नेय भागाचा स्वतंत्र जिल्हा झाला आणि पुढे त्याला वून, म्हणजे वणी, हे नाव पडलं. मुख्य कचेरी मात्र यवतमाळात होती. १९०५ च्या फेररचनेत वाशीम जिल्हा मोडला, पुसद तालुका इकडे जोडला गेला आणि जिल्ह्याचं नाव यवतमाळ झालं. या सगळ्या काळात एकच पीक कारभाराच्या केंद्रस्थानी होतं. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे त्यांचं लक्ष वळलं होतंच. युद्ध संपलं तरी बाजार, जिनिंग आणि दलालांची साखळी राहिली.

कापूस आला तशी तोलाची भांडणंही आली. भारतातल्या नियंत्रित बाजारांचा आरंभ ज्या गावापासून सांगतात ते कारंजा यवतमाळ जिल्ह्याच्या वेशीला लागूनच आहे. तिथे १८८६ साली हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकुमाने बाजाराला शिस्त लावली गेली. त्यानंतर १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा आला. बाजाराची हद्द ठरली, समिती नेमली गेली, दलाल आणि मापाडी यांना परवाने घ्यावे लागू लागले. देशातला हा अशा प्रकारचा पहिला कायदा. त्यात व्यापाऱ्यांचंच वजन जास्त होतं, ही टीकाही लवकरच सुरू झाली. पण मापाडी हा माणूस कायद्याच्या कक्षेत आला, ही गोष्ट लहान नव्हती. काटा त्याच्या हातात असायचा.

त्या काट्याच्या पोटात शिरून पाहू. दांडीच्या बरोबर मध्यावर पोलादाची एक त्रिकोणी पाचर आडवी बसवलेली असते, तिची धार खाली. ती धार कडक पोलादाच्या बैठकीवर, आणि सोनाराच्या किंवा प्रयोगशाळेच्या नाजूक तराजूत अकीकाच्या दगडावर, टेकते. दांडीच्या दोन्ही टोकांना अशाच दोन धारा, तोंड वर करून. त्यांवर पारड्यांचे आकडे लटकतात. तिन्ही धारा एकमेकींना समांतर आणि एका ओळीत हव्यात. दांडी झुलते तेव्हा धार घसरत नाही, फक्त कणभर कलते. म्हणूनच तिथे तेलाला काही काम नाही. उलट तेल लावलं की त्यात धूळ आणि कापसाची बारीक तूस बसते. कापूस बाजारात हवेत तूस उडत नाही अशी घटका नसते. काही दिवसांत तिचा चिकट थर होतो आणि धार बैठकीवर न टेकता त्या थरावर टेकते. कोरडी आणि स्वच्छ धार, हा काट्याचा एकच नियम.

धार बोथट होते ती दोन प्रकारे नुकसान करते. पहिलं म्हणजे काटा सुस्त होतो. दोन्ही बाजूंना थोडं कमीजास्त वजन पडलं तरी दांडी जागची हलत नाही. या सुस्तीच्या पट्ट्यात वजन किती हे काटा सांगत नाही, मापाडी सांगतो. पारड्यात आणखी एक ओंजळ कापूस टाकायला लावायचा की नाही हे त्याच्या मनावर. दुसरं नुकसान अधिक छुपं आहे. धार एका बाजूने जास्त झिजली की टेकूची जागा सरकते आणि दांडीचे दोन हात असमान होतात. हिशेब करून पाहावा: हात ५० सेंटिमीटरचा असेल आणि तो १ मिलिमीटरने लांबला, तर चूक ५०० त १, म्हणजे ०.२ टक्के. कापसाची खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे सुमारे ३५५ किलोंची. तिच्यामागे पाऊण किलोच्या आसपास कापूस नुसत्या झिजेत जातो, कुणी बोट न लावता. अर्थात ही झीज एकटीच नसायची. काटामारीच्या इतर युक्त्या तिच्या आडोशाला सुखाने राहत. काटा मुळातच सुस्त असला की हाताची करामत ओळखू येत नाही.

असमान हातांवरचा उपाय जुनाच आहे. माल एकदा डाव्या पारड्यात तोलायचा, एकदा उजव्या. दोन वजनांत फरक दिसला की काट्याचं पितळ उघडं. पण शंभर गाड्या रांगेत उभ्या असताना असं दोनदा तोलायला लावणारा शेतकरी बाजारात फारसा सापडला नसता.

स्वातंत्र्यानंतर या कामाला देशभर एकच चौकट मिळाली. १९५६ चा वजन-मापांच्या प्रमाणांचा कायदा, १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आलेली मेट्रिक वजनं, आणि ठरावीक मुदतीने काटा निरीक्षकापुढे नेऊन त्यावर शिक्का मारून घ्यायची सक्ती. काटा दुरुस्त करणारालाही परवाना लागू लागला आणि दुरुस्तीनंतर पुन्हा पडताळणी. कानस चालवून धारेला धार आणणं ही कारागिरी होती. त्याचबरोबर ते हातांची लांबी बदलण्याचं साधनही होतं. म्हणून शिक्का.

नाजूक टेकूचं एक यंत्र या मुलखात कापूस बाजाराच्याही आधी येऊन गेलं होतं. भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा संस्थापक विल्यम लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे निघाला असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. वर्धा नदी ओलांडली की वणी तालुका. त्याचा लंडनहून आणलेला, कोन मोजायचा मोठा थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचा होता. १८०८ साली तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटून त्याचं वर्तुळ वाकलं, आणि लॅम्बटनने ते स्वतः आठवडेच्या आठवडे ठोकून-ओढून सरळ केलं. त्याच्यानंतरच्या जॉर्ज एव्हरेस्टच्या काळात अशा यंत्रांची निगा अर्काटच्या सय्यद मोहसीन या कारागिराच्या हाती आली. इंग्रज यंत्रकार हेन्री बॅरो गेल्यावर १८४३ मध्ये त्याच जागी त्याची नेमणूक झाली. थिओडोलाइटच्या उभ्या आसाला तेल लागतं, पण इतकं पातळ आणि इतकं कमी, की थंडीच्या पहाटे आणि वैशाखाच्या दुपारी आस सारखाच फिरावा. वऱ्हाडच्या ४५ अंशांत ही मागणी पुरवणं सोपं नव्हतं.

मोठ्या बेअरिंगला तेल आवडतं आणि लहानाला का नाही, याचं उत्तर रेल्वेने दिलं. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरची नॅरोगेज, जिला सगळा जिल्हा शकुंतला म्हणतो, किलिक निक्सन कंपनीच्या पुढाकाराने कापूस वाहायला घातली गेली. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ च्या एप्रिलपर्यंत चाललं. अशा गाड्यांच्या आसपेट्यांत तेलात भिजवलेला कापसाचा चोथा कोंबत. चाक फिरू लागलं की आस तेल आपल्याबरोबर ओढून नेतो, आस आणि धातू यांच्यामध्ये तेलाची पाचर तयार होते आणि सगळा डबा त्या पातळ थरावर तरंगतो. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ब्यूचॅम्प टॉवर याने रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करताना तेलासाठी पाडलेलं भोक बुचाने बंद केलं, तर आतल्या दाबाने बूच वर उडालं. ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये त्याचं गणित मांडलं. त्या गणिताचा सारांश असा की तेलाचा थर टिकायला वेग लागतो.

आता हाच नियम वीजमीटरला लावावा. मीटरची अ‍ॅल्युमिनियमची चकती आपल्या दांड्यासकट एका टोकावर उभी असते. हे टोक काडेपेटीच्या काडीहून कितीतरी बारीक, त्याच्या गोलाव्याचा प्रत्यक्ष टेकणारा भाग मिलिमीटरच्या शतांशांत मोजायचा. चकती आणि दांडा मिळून २० ग्रॅम भार धरला आणि टेकणाऱ्या वर्तुळाचा व्यास ०.०५ मिलिमीटर, तर दर चौरस सेंटिमीटरमागे सुमारे एक टन दाब येतो. आणि वेग? चकती मिनिटाला १० फेरे घेत असेल तर त्या वर्तुळाच्या कडेचा वेग सेकंदाला मिलिमीटरचा जेमतेम चाळिसावा भाग. इतक्या सावकाशीत तेलाची पाचर बनतच नाही. धातू आणि बैठक एकमेकांना टेकलेलेच राहतात. तेल फक्त त्यांच्या अंगाला चिकटलेला रेणूभर जाडीचा थर देतं आणि गंज रोखतं. ते तेवढंच करू शकतं.

मग बैठक अशी हवी की जी झिजणारच नाही. तो उपाय घड्याळवाल्यांनी आधीच शोधला होता. स्वित्झर्लंडचा गणिती निकोला फाशियो, न्यूटनचा मित्र, याने १७०४ मध्ये लंडनच्या दबॉफ्र बंधूंबरोबर माणकाला भोक पाडून त्यात घड्याळाचे आस फिरवण्याचं पेटंट घेतलं. मुदत वाढवून मागितली तेव्हा तिथल्या घड्याळजींच्या संघाने विरोध केला आणि पुरावा म्हणून एक जुनं घड्याळ दाखवलं, त्यात म्हणे आधीपासूनच माणिक होतं. फाशियोची मागणी बारगळली. पुढे कित्येक वर्षांनी ते घड्याळ उघडलं तर ते माणिक नुसतं शोभेचं निघालं, बेअरिंगशी त्याचा संबंध नव्हता. पेटंटच्या इतिहासात इतका स्वस्तात मिळालेला विजय क्वचितच.

१९०२ साली फ्रान्सच्या ओग्युस्त व्हर्नय याने ज्योतीत वितळवून कृत्रिम माणिक बनवण्याची रीत जाहीर केली आणि रत्न स्वस्त झालं. त्यानंतर मनगटावरच्या घड्याळावर ‘१७ ज्वेल्स’ ही अक्षरं आली. एचएमटीने सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ पासून बंगळूरला घड्याळं बांधायला सुरुवात केली. त्यातलं ‘जनता’ लग्नाच्या आहेरात आणि पहिल्या पगारात गावोगाव पोचलं. १७ ही संख्या दागिन्याची नव्हती. तोलचक्राच्या दोन्ही टोकांना मिळून चार, एक तोलचक्राला ढकलणारा, दोन चाक अडवणाऱ्या नांगराच्या नख्यांचे, बाकी दहा चाकांच्या आसांना. ताशी १८,००० ठोक्यांच्या हिशेबाने दिवसाला ४,३२,००० ठोके त्यांच्या भरवशावर पडत. या खड्यांत घालायचं तेल हा वेगळाच धंदा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या न्यू बेडफर्ड बंदरात विल्यम नाय डॉल्फिनसारख्या प्राण्यांच्या जबड्यातलं तेल घड्याळजींना विकत असे, कारण ते थंडीत गोठत नव्हतं आणि सहज चिकटही होत नव्हतं. तरी काही वर्षांनी ते सुकायचंच. डोळ्याला भिंग लावून बसलेला गावातला घड्याळवाला ‘सर्व्हिसिंग करावी लागेल’ म्हणायचा तेव्हा त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असे, की जुनं तेल धुऊन नवं घालायचं आहे.

विजेचं मोजमाप सुरुवातीला काट्यावरच झालं हे आज विसरायला झालंय. एडिसनच्या मीटरमध्ये जस्ताच्या पट्ट्या रसायनात बुडवलेल्या असत. महिन्याने त्या काढून तोलायच्या आणि वजनातल्या फरकावरून बिल लावायचं. त्यात फिरणारा भाग नव्हता, म्हणून झीज नव्हती; पण गिऱ्हाइकाला स्वतः काहीच वाचता येत नव्हतं. १८८५ मध्ये तुरिनच्या गॅलिलिओ फेरारिस याने फिरत्या चुंबकक्षेत्राचा शोध लावला आणि १८८९ पर्यंत बुडापेस्टच्या ओटो ब्लाथीचा चकतीचा मीटर तयार झाला. पुढची शंभरेक वर्षं जगभर, आणि यवतमाळातही, तोच राहिला.

विदर्भ १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० च्या जूनमध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. मंडळाची गावोगावची वीज म्हणजे खांब, तारा आणि काचेआड फिरणारी काळ्या खुणेची चकती. तिच्या खाली नीलमाची वाटी, वाटीत पोलादाचं टोक. चांगल्या मीटरमध्ये दोन वाट्यांच्या मध्ये पोलादाची बारीक गोळी. समजा, पाटीवर लिहिलंय एका युनिटला ६०० फेरे. महिना १०० युनिट वापरणाऱ्या घरात चकती वर्षाला ७ लाख २० हजार वेळा फिरते, पंधरा वर्षांत एक कोटीच्या वर. शिवाय ५० आवर्तनांच्या प्रवाहाने तिला सेकंदाला शंभर वेळा सूक्ष्म थरथर लागते, आणि एवढ्याशा टेकणीवर प्रत्येक थरथर म्हणजे एक ठोका. पोलादाचा अदृश्य चुरा सुटतो, त्याला हवा लागून तांबडी भुकटी होते. तांबडी भुकटी म्हणजे लोहाचं भस्मच. सोनार चकाकी आणायला वापरतात तीच. तिच्याने टोक घासलं जातं, तेलात मिसळून लगदा होतो. मीटरच्या पेटीत यवतमाळच्या उन्हाळ्यात तेल आणखी पातळ होऊन पसरतं, बैठक कोरडी पडते, आणि बारीक धूळ झाकणाच्या फटीतून आत येते.

टोक झिजल्याने मीटर थांबत नाही. हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. घरात शेगडी किंवा मोठी मोटर चालू असते तेव्हा चकतीला ढकलणारा जोर घर्षणाच्या शेकडो पट असतो. झीज झाली तरी आकडा जवळपास बरोबर येतो. ४० वॅटचा एकच दिवा लागला असेल तर चकती तासाला २४ फेरे घेते, अडीच मिनिटांना एक. तिथे घर्षणाचा वाटा मोठा होतो आणि चकती हळू होते, कधी तर रेंगाळून थांबतेही. मीटर बनवणाऱ्यांना हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनी चुंबकात एक लहान पट्टी बसवली, जी नेहमी थोडासा पुढचा धक्का देऊन घर्षणाची भरपाई करते. तो धक्का जास्त झाला तर वीज वापरात नसतानाही चकती चालते, म्हणून तिला थोपवायला चकतीत दोन भोकं. नव्या मीटरमध्ये हा समतोल जुळलेला असे. घर्षण वर्षागणिक वाढायचं आणि भरपाई तेवढीच राहायची. कमी भारावर मीटर सुस्त होणं हे त्याच्या घडणीतच होतं. उलट दिशेची एक चूकही शक्य होती: वीज कोसळून ब्रेकचा, म्हणजे चकतीला आवर घालणारा, चुंबक कमजोर झाला तर चकती पळते. पण ती अपघाताने घडणारी गोष्ट, झीज रोजची.

कायद्याने या सुस्तीकडे कानाडोळा केला होता असं म्हणता येतं. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतल्या ५७ व्या नियमानुसार, संबंधित मानक नसेल तिथे, पूर्ण भाराच्या दहाव्या हिश्श्यापासून पूर्ण भारापर्यंत चूक तीन टक्क्यांच्या आत असली की मीटर बरोबर समजायचा. ५ अँपिअरच्या मीटरला हा दहावा हिस्सा म्हणजे ११५ वॅट. आता ज्या घरात एक दिवा आणि फार तर रेडिओ होता, ते घर संध्याकाळभर या तपासणीच्या हद्दीबाहेरच राहायचं. तंटा झाला तर १९१० च्या वीज कायद्याच्या २६ व्या कलमाखाली विद्युत निरीक्षकाकडे जायचं, आणि हिशेब फार तर सहा महिन्यांचा मागे जायचा. एका दिव्याच्या घराला तंटा करायचं कारणच नव्हतं. झिजलेल्या नीलमाने त्याला दिलेली ही सूट कुठल्याही दरपत्रकात छापलेली नव्हती.

शेतीपंपांचं तर मोजमापच सुटलं. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मंडळाने पंपांना अश्वशक्तीनुसार ठोक दर लावला. विहिरीवरच्या पेटीत मीटर असो-नसो, बिल तेवढंच. त्यामुळे धुळीत उभ्या असलेल्या मीटरला बेअरिंगची काळजी करायचं कारण उरलं नाही; आणि जिल्ह्यात किती पाणी किती विजेने उपसलं याचा नेमका आकडाही उरला नाही. मोजणी सोडून दिल्याची किंमत अंदाजांच्या रूपाने अजून चुकवली जाते आहे.

जगात दुसरीकडे टेकूच काढून टाकायचे प्रयत्न चालू होते. दुसऱ्या महायुद्धात रत्नांच्या बेअरिंगसाठी स्वित्झर्लंडवर अवलंबून राहणं अमेरिकेला फार जड गेलं होतं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या सरकारने नॉर्थ डकोटातल्या रोला या आडगावी खास कारखाना काढला, जिथे प्रामुख्याने टर्टल माउंटनच्या आदिवासी वस्तीतले लोक खडे कापत. त्याच सुमारास तिथल्या मीटर कंपन्यांनी चकती चुंबकांवर अधांतरी तोलली. वाटी गेली, तेल गेलं. वर-खाली फक्त दिशा धरणारी पिन आणि ग्रॅफाइटचं भोक राहिलं. असे मीटर पुढे भारतातही बनले.

शेवटी चकतीच गेली. २००३ च्या वीज कायद्याने अचूक मीटरशिवाय पुरवठा करायला मनाई केली आणि २००६ च्या केंद्रीय नियमांनी मीटर स्थिर, म्हणजे फिरत्या भागाविना, असावेत असं ठरवलं. लाल ठिपका लुकलुकणारा मीटर आला तेव्हा राज्यभर एकच तक्रार उठली: नवा मीटर पळतो. काही मीटर खरोखर सदोष असतील. पण तक्रारीचा एक भाग जुन्या वाटीत दडलेला होता. नवा मीटर पाच-सहा वॅटही मोजत होता. जुना, झिजलेला, चाळीसही कसेबसे. नव्याने वीज वाढवली नाही, जुन्याची सूट बंद केली, एवढं गिऱ्हाइकाला समजावून सांगायची तसदी फारशी कुणी घेतली नाही. बदलाची वेळही विलक्षण होती. पुढच्या दशकात ६० वॅटच्या दिव्याची जागा ९ वॅटच्या एलईडीने घेतली. ५ अँपिअरचा नवा, निर्दोष चकतीचा मीटरही साधारण सहा वॅटवर जेमतेम हलायचा. झिजलेल्याला एक एलईडी दिसलाच नसता.

काट्याच्या बाजूलाही तेच झालं. राज्य सरकारच्या कापूस एकाधिकार खरेदीच्या काळात, १९७२ नंतर, खरेदी केंद्रांवर कापसाच्या गाड्यांच्या रांगा लागायच्या आणि मोठ्या वजनकाट्यांच्या तरफा जमिनीखालच्या खड्ड्यात पोलादी धारांवरच तोललेल्या असायच्या. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी आणि गाळ साचला की सगळा काटा सुस्त. आता धरमकाट्याखाली लोडसेल असतात. पोलादाचा ठोकळा भाराने केसभर दबतो आणि त्यावर चिकटवलेली पट्टी तो दाब विजेत वाचते. धार नाही, झिजण्यासारखं काही हलतच नाही. काटामारीची चर्चा मात्र थांबलेली नाही. ती धारेवरून पडद्यावरच्या आकड्यांकडे आणि शून्य कसं लावलं याकडे सरकली आहे.

बारीक टेकू पूर्णपणे संपला असं मात्र नाही. तो नळाच्या मीटरमध्ये शिल्लक आहे. पाण्याच्या जोराने फिरणारा प्लॅस्टिकचा पंखा एका कडक टोकावर उभा असतो आणि त्याला तेल मुळीच घालत नाहीत, पाणीच वंगण. पंखा पाण्यात जवळजवळ तरंगतो, त्यामुळे टोकावर भार नगण्य. पण यासाठी दोन अटी आहेत: पाणी स्वच्छ हवं आणि नळी भरलेली हवी. निळोणा आणि चापडोह धरणांवर जगलेल्या, पुढे बेंबळ्याचं पाणी आणावं लागलेल्या यवतमाळ शहराला उन्हाळ्यातली दुसरी अट चांगली ठाऊक आहे. जिथे नळाला पाणी रोज येत नाही तिथे पाण्याआधी नळीतली हवा मोकळी सुटते. हवेला अडथळा नसतो, पंखा भलत्याच वेगाने आणि कोरडा फिरतो. टोक आणि बैठक त्या दोन-चार मिनिटांत जेवढी घासतात तेवढी महिनाभर पाण्यात घासत नाहीत. वर त्या हवेचेही लिटर आकड्यात चढतात. मग काही वर्षांनी टोक झिजतं, आणि थेंबथेंब गळणारा नळ मीटरला दिसेनासा होतो. सुरुवातीला हवेचं बिल गिऱ्हाइकाला, नंतर गळतीचा तोटा नगरपालिकेला. यावर हवा सोडणारे व्हॉल्व्ह बसवता येतात, आणि जलवाहिनी चोवीस तास भरलेली ठेवली तर तो प्रश्नच उरत नाही.